अप्पांच्या जहाजाचा कठडा

अप्पांवर मी लिहावं की नाही, हे अजून ठरत नाही. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. परीक्षेच्या निबंधापलीकडे काही लिहिलेलं नाही. वाकडंतिकडं वाटलं तर सांभाळून घ्यावं.

धारूरला आमच्या शेजारी अप्पांचं किराणा दुकान आहे. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, तरी गल्ल्याशेजारी त्यांनी हातभर लांबीचं लाकडी जहाज उभं केलं. त्यांची मुलगी शिवलीला ज्या मालवाहू जहाजावर नोकरीला गेली, त्याचीच ती प्रतिकृती. शिवलीला त्यांच्या मनाविरुद्ध गेली होती. तिचा फोन आला की अप्पा तो बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे, द्यायचे आणि जहाजाच्या कठड्याकडे वळायचे. डेकच्या कडेने दाभणाने भोक पाडायचं, त्यात टाचणी रोवायची, टाचण्यांना जळक्या मोटारीतली तांब्याची तार गुंडाळायची. गिऱ्हाईक साखर मागू लागलं की म्हणायचे, "दम खा बे. साखरेवाचून कुनी मरत न्हाई. हितं मानूस पान्यात जाईल."

"कुठलं माणूस, अप्पा?" मी विचारलं.

त्यांनी डेकवर उभी केलेली आगपेटीच्या काडीची बाहुली दाखवली. तिला काळ्या दोऱ्याची वेणी होती.

"घरच्या दाराची कडी वर्षभर ढिली हाय," काकू आतून म्हणाल्या. "ती दिसत न्हाई."

कठडा पुरा झाला तेव्हा काकूंनी व्हिडिओ कॉलवर जहाज दाखवलं. शिवलीला हसतच सुटली. "अप्पा, जहाज हाय का कडब्याची गाडी? मी दिसतच न्हाई की." खरंच, कठडा बाहुलीच्या डोक्यावरून गेला होता.

कित्येक महिन्यांनी अप्पांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. "मग किती उंच असतोय?"

"छातीएवढा."

"अन् लाट आली तर?"

"धरते की."

"एका हातानं?"

"दोन्ही हातांनी, अप्पा."

त्यांनी फोन ठेवला. मग चिमटा घेऊन एकेक टाचणी उपसायला बसले. नवा कठडा लागला तेव्हा बाहुलीचं तोंड तारेच्या वर दिसू लागलं.

शिवलीला सुट्टीला आली. परत निघताना म्हणाली, "बंदरापर्यंत चला." अप्पा हो म्हणाले, पण ते बीडच्या पुढे जातील असं कुणालाच वाटत नव्हतं. मी कॉलेजसाठी बीडला असतो; तिथल्या स्टँडवर त्यांना भेटलो, तेव्हा एसटीच्या खिडकीतून म्हणाले, "अजून उतरू शकतो बे." तेवढ्यात गाडी सुटली.

मग त्यांचा फोनच लागेना. आज सकाळी लागला. मागे कसला तरी भोंगा वाजत होता.

"जहाजावर हाय," अप्पा ओरडून म्हणाले. "परवानगी काढून वर घेतलं मला. लई वारं हाय."

"अन् शिवलीला?"

"ती हाय तिकडं, दोरखंडापाशी. कडेलाच उभी हाय. हाक न्हाई मारली. कामात हाय ती."