दत्ताच्या जपानी सीड्या

क्रांती चौकातला बॅनर बघून आज मला ओकारी आली.

प्रथम पुण्यस्मरण. खाली दत्ताचा फोटो. डोक्याला फेटा, कपाळाला भंडारा, चेहरा गोरा करून टाकलेला.

दत्तानं जन्मात फेटा बांधला नाही. त्याचे केस लालभडक होते. कंप्युटरवर बसून कुणीतरी त्या केसांवर फेटा चिकटवलाय.

आणि शोकाकुल म्हणून सगळ्यात मोठा फोटो कुणाचा? त्याच्या चुलतभावाचा, गोरखचा.

ज्यांना दत्ता माहीत नाही, त्यांना सांगते.

पैठणकडच्या खेड्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वाळूजला एका कंपनीत फिटर. पुंडलिकनगरात माझ्या पार्लरच्या वरच्या खोलीत एकटाच भाड्यानं राहायचा.

पहिल्यांदा पार्लरमध्ये आला तेव्हा चार बायका बसलेल्या. सरळ विचारलं, "ताई, घामानं काजळ पसरू नये म्हणून काय लावायचं?"

बायका हसल्या. मीही हसले. तो उत्तर मिळेपर्यंत तिथंच उभा राहिला.

जपानमध्ये व्हिज्युअल रॉक म्हणून एक प्रकार आहे. गाणारे पुरुषच, पण केस रंगवलेले, चेहरा अख्खा रंगवलेला, अंगात झालरीचे कपडे. आणि गिटार अशी की खाली माझा आरसा थरथरायचा.

दत्ता त्याच्यापायी वेडा होता.

खोलीत पलंग नव्हता, पेट्या होत्या. सीड्या, जपानी मासिकं, कधीच बंद पडलेल्या बँडची पत्रकं. जपानी सीडीच्या कडेला कागदाची एक पट्टी असते. लोक ती फाडून फेकतात. हा ती पट्टीसुद्धा प्लास्टिकमध्ये घालून जपायचा. कोण कोणत्या बँडमधून कधी बाहेर पडला, सगळं तोंडपाठ. कव्हरवरची नावं वाचता यावीत म्हणून लिपी एकट्यानं शिकला.

सुट्टीच्या दिवशी माझ्याकडून मेकअप करून घ्यायचा आणि वर जाऊन गाणी ऐकायचा.

बस्स. एवढाच त्याचा गुन्हा.

एका रविवारी गोरख त्याला भेटायला आला. तोही त्याच कंपनीत. जिन्यात त्यानं दत्ताचा मेकअपमधला फोटो काढला आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी दत्ताच्या लॉकरवर लिपस्टिकनं एक शब्द लिहिलेला होता. तो इथं लिहायची माझी इच्छा नाही. त्यानं फडक्यानं पुसला आणि शिफ्ट पूर्ण केली. हे त्यानंच मला सांगितलं, आयब्रो करून घेता घेता.

"सोड ना ताई," म्हणाला. "त्यांच्याकडं ऐकायला काहीच नाय, म्हणून बोलत राहतात."

मग त्याला डेंग्यू झाला. चार दिवसांत खेळ संपला.

दवाखान्यात जाताना खोलीची चावी माझ्या हातात दिली. म्हणाला, मला काय झालं तर पेट्या तुझ्याकडं ने. गोरखच्या हाती लागू देऊ नको.

मी हो म्हणाले.

आता माझं ऐका. बॅनरवाल्यांपेक्षा मला स्वतःची जास्त किळस येते.

तो गेल्यावर दोन दिवस चावी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. वर जायला सतरा पायऱ्या. मी गेले नाही. एकट्या पोराच्या खोलीतून बाईमाणूस पेट्या उचलतंय, गल्ली काय म्हणेल? घरी ह्यांना काय सांगू?

तिसऱ्या दिवशी दुपारी गोरख चावी मागायला आला. विचारलं, त्या डबड्यांत काय कामाचं हाय का?

दुकानात गिऱ्हाईक होतं. मी चावी काढून दिली आणि म्हणाले, "मला काय माहीत? मी काय त्याला एवढी ओळखत नाही."

मागच्या मोकळ्या प्लॉटवर त्यानं सगळं पेटवलं. मासिकं, पोस्टर, सीड्या, पट्ट्या, सगळं. बायकी घाण घरात नको म्हणे.

जळत्या प्लास्टिकचा वास लई घाण असतो. मी खिडकी लावून घेतली आणि थ्रेडिंग करत राहिले.

आणि आज त्याच गोरखनं बॅनर लावलाय. कंपनीतले तेच लोक खाली हात जोडून उभे. त्यांच्या स्टेटसला लिहिलंय, दिलदार मित्र.

दिलदार. थुंकावंसं वाटतं.

दुपारी दत्ताची आई आली. कार्यक्रमाला म्हणून गोरखनं गावाहून आणलेली. चौकातून दत्ताची खोली विचारत विचारत एकटी पार्लरपर्यंत पोहोचली. दारातच म्हणाली, "बाई, त्यो फेट्यातला माझा दत्ताच हाय का?"

मी तिला बसवलं. सगळं सांगितलं. चावीचं, जाळाचं, मी जे बोलले ते. तिला लॉकरचं काहीच माहीत नव्हतं. तेही सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "चावी तर तुझ्यापाशी व्हती."

व्हय मावशी. माझ्यापाशीच होती.

माझ्या फोनमध्ये त्याचा एकच फोटो होता. पार्लरच्या खुर्चीत बसलेला, केस लाल, पूर्ण मेकअप, तोंडभर हसतोय. वर्षभर मी तो कुणाला दाखवला नव्हता. तिच्या हातात दिला.

तिनं पदरानं स्क्रीन पुसली. गावी आला की मेंढरांमागं बसून ती गाणी तिला ऐकवायचा, म्हणाली.

"मला एक अक्षर कळायचं नाय. मी त्याच्या तोंडाकडं बघायचे. असाच हसायचा."

फोन परत देताना म्हणाली, "लोकांना ह्योच दाखव."

म्हणून हा फोटो इथं टाकतेय, माझ्या नावानं. ज्याला हसायचंय त्यानं आधी मला अनफ्रेंड करावं. आणि खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. आज मला ते बघवत नाहीत.

दत्ता, श्रद्धांजली वाहायला मला तोंड नाही.

तू चांगला माणूस होतास. आम्ही नव्हतो.

जा बाबा आता. सुखानं ऐक.