आधी बिल, मग नारळ

मालतीवन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात मिक्सरचं भांडं घेत होते. त्यांची मुलगी, नेहा, बोलत होती. फोन ठेवला, भांडं पिशवीत टाकलं, दारापर्यंत गेले आणि परत फिरून म्हटलं, "बिल राहिलं." डोळे भरलेले होते, पण बिल घेतलं. माझ्या थोरल्या नणंदेनं लावलेली सवय, त्यांच्या जाण्याच्या दिवशी कशी मोडणार?

यजमान गेल्यावर वन्संनी पंचवटीतल्या घरात नागलीचे पापड आणि भाजणी करून विकायला सुरुवात केली. त्यासाठी पिठाची घरघंटी घेतली ती रावसाहेबांच्या दुकानातून. ते आमच्या निफाडकडच्या गावचे, माझ्या नवऱ्याचे वर्गमित्र. घंटी घरी आली तेव्हा त्यांनी स्वतः तिच्यापुढे नारळ फोडला, नेहानं फोटो काढला. पैसे रोख दिले. बिलाचं विचारलं तर म्हणाले, "ताई, घरच्या माणसाला कसलं बिल? दुकान तुमचंच हाय." आम्ही सगळेच विरघळलो.

थोड्याच दिवसांत पीठ जळकं येऊ लागलं आणि गिऱ्हाईकं पापड परत आणून देऊ लागली. रावसाहेबांचा मिस्त्री येऊन जाई, चार दिवस बरे जात, की पुन्हा तेच. शेवटी रावसाहेबांनी दुकानातल्या पाटीकडे बोट दाखवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. "जाऊ दे ना," आमचे हे म्हणाले, "गावात तोंड दाखवायचंय." वन्सं म्हणाल्या, "सुरेश, तू तोंड दाखव, मी घंटी दाखवते."

आधी त्यांनी रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही, तेव्हा त्या जिल्हा ग्राहक आयोगाच्या कार्यालयात गेल्या आणि सगळं विचारून आल्या. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि माल सदोष असेल तर त्या पाटीला कायद्यात काडीची किंमत नाही. पुरावा जपायचा म्हणून निकालापर्यंत घंटीला कुणाला हात लावू देईनात. धंदा बंद, घरात ओढाताण, आणि बाई हट्टाला पेटलेली.

सुनावणीला मी सोबत होते. घंटी रावसाहेबांच्या दुकानातली असल्याचा पुरावाच नाही, असं त्यांचे वकील म्हणाले. वन्संनी फोटो पुढे केला. हातात फुटका नारळ घेऊन रावसाहेब त्यात छान हसत होते. वकिलांनी फोटो निरखला आणि तेही हसले, कारण मागच्या भिंतीवर पाटी होती: घरगुती पापड, भाजणी मिळेल. "म्हणजे हा व्यवसाय झाला. मग या कायद्यानं या बाई ग्राहकच नाहीत." आमचाच फोटो आमच्यावर उलटला होता...

वन्सं शांतपणे उठल्या. "साहेब, फोटोत एखादा नोकर दिसतो का? दळते मी, लाटते मी, विकतेही मीच. पोटासाठी स्वतः राबणारी बाई कायद्यानं ग्राहकच असते. तेही मी विचारून आलेय." वकील कागद चाळत राहिले. पुढे निकाल लागला: नवी घंटी द्या, झालेल्या त्रासाची भरपाईही द्या. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

नव्या घंटीवरच्या भाजणीची पहिली पिशवी घेऊन वन्सं कुठं गेल्या असतील? थेट रावसाहेबांच्या दुकानात. "भांडण घंटीचं होतं," म्हणाल्या, "तुमच्याशी नव्हतं."

आता घंटी नेहा चालवते. परवा घंटीची पीठ चाळायची जाळी आणायला मी रावसाहेबांकडे गेले. माल परत न घेण्याची ती पाटी कधीच उतरली आहे. एक जोडपं घंटी घेत होतं, आणि नारळ उचललेल्या दुकानातल्या पोराला रावसाहेब थांबवत होते, "आधी बिल, मग नारळ. आमच्या ताईंचा नियम हाय." माझ्याकडून जाळीचे पैसे काही केल्या घेईनात. मी बिलासाठी तोंड उघडायच्या आत त्यांनी बिलबुक ओढलं, आणि ग्राहकाच्या नावाच्या रकान्यात सावकाश लिहिलं... मालतीताई.