वाकळेचे बारा कोट

"बटण! अवो पावणं, बटण घावलंय बटण!"

फोन मी कानापासून हातभर लांब धरला, तरी गोडाऊनमधल्या चौघीजणींनी विळ्या थांबवून माझ्याकडं बघितलं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचा, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याचा, स्टोअरकीपर ओरडत होता. ह्या माणसाला आवाज देताना देवाचा हात सुटलेला. तो शिरोलीत ओरडला की तिकडं जोतिबाच्या डोंगरावर लोकांच्या हातातले नारळ न आपटता फुटतात. मी डोळ्यांनी बघितलंय.

"आणि एक न्हाय, पाच-पाच! करवंटीची! मशीनवर ओरखडा उठला तर कोण निस्तरणार, तुमचा आजा?"

करवंटीची म्हटल्यावर मी फोन परत कानाला लावला.

माझा धंदा चिंध्यांचा. अख्ख्या कोल्हापूरच्या जुन्या साड्या, चादरी, धोतरं आमच्या गोडाऊनला येतात. बायका विळीवर कापून त्यांची बटणं, हूक, चेन काढतात आणि उरलेलं सुती कापड कारखान्यात मशीनचं तेल पुसायला जातं. त्यात बटण राहिलं तर घासूनपुसून तयार केलेल्या लोखंडावर रेघ उठते. सोळा वर्षांत माझ्या मालात एक बटण गेलेलं नव्हतं. लग्नाकार्यात सांगताना मी ती चाळीस वर्षं करतो, ते सोडा. आणि करवंटीची बटणं वापरणारं माणूस माझ्या माहितीत एकच होतं. माझी बायको.

ती पूर्वी त्याच ढिगापुढं बसायची. बसून बसून चांगली कापडं बाजूला काढायची नि घरी वाकळा शिवायची. वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी, थरावर थर घालून बारीक टाक्यांनी शिवलेली. दोन वर्षांमागं विद्यापीठातल्या फॅशन विभागाच्या मॅडम पोरी घेऊन टाकाऊ कापड बघायला आल्या आणि ढीग राहिला बाजूला, सगळ्या त्या वाकळेभोवती बसल्या. मग पोरींनी कागदावर कोट काढले, बायकोनं ते वाकळेच्या टाक्यात शिवले. विद्यापीठात नवीन धंदेवाल्यांसाठी केंद्र निघालेलं. इथं मालिकांची शूटिंगं चालतात, त्यांना कपडे पुरवणारा एक मोठा माणूस त्यात भागीदार होता. केंद्रवाल्यांनी बायकोला सांगितलं, बारा कोट करून आणा. पसंत पडले तर वर्षभर एक खोली, चार मशीन आणि शिकवायला माणूस.

त्या खोलीसाठी बायको सहा महिने गॅसच्या ओट्याशेजारी शिवत बसली. माझ्या आमटीत कोथिंबिरीपेक्षा दोरा जास्त असायचा. कोट दाखवायचे होते त्याच दिवशी, दुपारी तीनला. फोन आला साडेदहाला.

झालं एवढंच होतं की बाराही कोट तिनं जुन्या चादरीत बांधून दारात ठेवलेले, आणि मी सकाळी शिरोलीला जायचा तयार माल टेम्पोत भरताना ते गाठोडं उचललं. आत हात घातला, जुनं लुगडं लागलं, टाकलं टेम्पोत. सोळा वर्षं जुनं लुगडं हाताला लागलं की मी टेम्पोतच टाकत आलोय. बायको मॅडमकडं बोलायची तयारी करायला गेली होती. तिला फोन करायला मी तीनदा मोबाईल काढला आणि तीनदा खिशात घातला. चौथ्यांदा स्कूटरची किल्ली काढली.

शिरोलीपर्यंत स्कूटरची चाकं रस्त्याला किती वेळा लागली, मोजून चार. पुलावर एका ट्रकच्या खालनं गेलो म्हणतात, मला आठवत नाही.

स्टोअरकीपरनं टेबलावर कोट मांडून ठेवलेले. मोजले. अकरा. परत मोजले. अकराच.

"एक कोअर शॉपात गेला," तो म्हणाला. म्हणजे त्याच्या मानानं कुजबुजला. "बायकांनी सकाळीच पुसायला नेलता."

कोअर शॉपात बायका ओतकामासाठी वाळूचे साचे करतात. शेजारीच साचे वाळवायची भट्टी. तिथं एक पन्नाशीची बाई उभी होती, आणि इरकल साडीचा आमचा बारावा कोट तिच्या अंगात होता. पाचही बटणं लावलेली.

"अक्का, त्यो कोट जरा द्या. चुकून आलाय."

"चुकून आलाय न्हवं? मग ऱ्हाऊ दे की."

मी माझं हत्यार काढलं. "आमच्या थोरल्या आत्तीच्या लुगड्याचा हाय ओ. शेवटची आठवण. परवाच गेली बिचारी."

तिनं कोटाच्या खिशात हात घातला नि मला आपादमस्तक न्याहाळलं. "आत्ती लुगड्याला खिसा लावून हिंडायची व्हय?"

बाकीच्या बायका अशा हसल्या की दोन साचे ढासळले.

"नवा देतो. दुकानातला. आत्ता जाऊन आणतो."

"दुकानात बायकांच्या कपड्याला खिसा कुठं असतोय, दाखवा. आणि ह्यो जाड हाय. भट्टीपाशी गेलं तर दंडाला झळ लागत न्हाय." तिनं पुढचा साचा ओढला. "सरका अण्णा. वाळू सांडंल."

मी पोलीस काढला, देव काढला, स्वतःच्या हृदयाचा आजार काढला, जो मला नाही. ती साचे करत राहिली.

गाठोडं परत बांधून विद्यापीठाच्या फाटकापाशी आलो, तर बायको उभीच होती. गाठोडं तिनं सोडून बघितलं नाही, वरनं नुसतं चाचपलं.

"अकरा हायत."

"जोतिबाच्या पायथ्याला एक माकड..." मी सुरुवात केली. तिनं वर बघितलं. माकड तिथंच मेलं. मग मी सगळं खरं सांगितलं, आणि खरं सांगायला किती कमी वेळ लागतो ह्याचं मला आश्चर्य वाटलं. तिनं गाठोडं खांद्यावर टाकलं नि चालायला लागली. मी मागनं. जिन्यावर मला दोनदा ठेच लागली.

हॉलमध्ये मॅडम, मालिकांचे कपडेवाले आणि केंद्राचे एक साहेब. पोरींनी कोट हँगरला लावले. साहेबांनी कागद बघितला.

"बारा लिहिलेत. इथं अकराच आहेत."

"साहेब, बारावा परदेशी..." मी उठलो.

"ह्यांनी चिंध्या समजून कारखान्यात पोचवला," बायको म्हणाली. "बाराच्या बारा. अकरा परत मिळाले. एक तिथल्या बाईनं घातलाय. ती देत न्हाई."

मागं एक पोरगी फिस्कन हसली आणि तोंड दाबून बसली. मला खुर्चीत बसवेना, उभंही राहवेना. मी कधी एका पायावर, कधी दुसऱ्या.

कपडेवाले कोटाची बाही चिमटीत धरून होते. "ताई, राग मानू नका. तुमच्या नवऱ्यालाच जर ह्या चिंध्या वाटल्या, तर गिऱ्हाईक का घेईल?"

बायकोचे सहा महिने त्या एका प्रश्नावर येऊन थांबले होते.

बायकोनं पदर खोचला. "ह्यांनी सोळा वर्षांत लाखभर कापडं हाताखालनं घातली, पण अंगात घालून एक बघितलं न्हाई. त्या बाईनं घालून बघितला."

"काय म्हणाली ती?" साहेबांनी मला विचारलं.

तोंडापर्यंत आलेलं सगळं गिळलं. "खिसा हाय म्हणाली. आणि भट्टीजवळ दंडाला झळ लागत न्हाय म्हणाली. एवढंच." एवढ्यातही एक शब्द वाढवला नाही. घाम फुटला.

तिघं बाहेर गेले. दहा मिनिटं लागली असतील. मी सांगताना दोन तास सांगतो, पण त्या दिवशी मला ती खरंच दोन तासांची वाटली. बायको एका कोटाच्या काठाचा सुटलेला दोरा दातानं तोडत होती.

आल्यावर मॅडम बोलल्या. खोली मिळेल, पण वर्षभर नाही, सहा महिने. नुसते दाखवायचे कोट बंद. पोरींना घेऊन आधी त्या बाईला भेटायचं, उष्णतेजवळ काम करणाऱ्या बायकांसाठी कोट शिवायचे, त्यांनी महिनाभर वापरून सांगायचं. कपडेवाले म्हणाले, त्यांचा कटिंग मास्तर आठवड्यातनं दोन दिवस येईल. सहा महिन्यांनी परत बघू.

"चालंल," बायको म्हणाली. मान हलवली आणि कोट घड्या घालायला लागली. खूश झाली का नाही, मला कळलं नाही. अजून विचारलेलं नाही.

मला मात्र राहवेना. किल्लीसाठी मी धावत केंद्राच्या ऑफिसात गेलो. क्लार्क रजिस्टरमध्ये काहीतरी आखत होता. "साहेब," मी म्हणालो, "ह्या खोलीतनं उद्या पॅरिसला माल जाणार! उद्घाटनाला वाजवायला हलगी आणू का घुमकं? हत्ती आणायचा झाला तर फाटकातनं आत येईल न्हवं? नुसतं सांगा, कधी येऊ?"

त्यानं पट्टी न उचलता रेघ पुरी केली.

"सोमवारी या. झाडू घेऊन या."