मोडलेल्या लग्नाचा फोल्डर

पडदा वर जातो, तेव्हा शनिवार पेठेतल्या बोळात सकाळचं ऊन नुकतंच उतरू लागलेलं असतं. एवढंसं दुकान, दारावर ‘लग्नपत्रिका, मुंजपत्रिका’ अशी पाटी, आत टेबलावर पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर. मुनव्वर शेख बटण दाबतात आणि खुर्चीत न बसता उभेच राहतात. मशीन घरघरतं, स्क्रीन उजळते आणि स्पीकरमधून एक बाई करवादते, “पहले चाय पियो जी, फिर लगाते बैठो लोगों की शादियां!”

ही जैनब, मुनव्वरची बायको. तिला जाऊन वर्ष उलटून गेलं.

फार पूर्वी सूरज नावाचा नवरदेव पत्रिकेचं प्रूफ तपासायला आला होता. चहा घेऊन आलेल्या जैनबकडून त्याने गंमत म्हणून हे वाक्य माइकवर म्हणवून घेतलं आणि कॉम्प्युटर सुरू होताना वाजेल असं लावून दिलं. नवराबायको हसून बेजार झाली होती. पुढे सूरजचं लग्न मोडलं. आवाज मात्र राहिला.

अलीकडे गिऱ्हाइकाला पत्रिका मोबाइलवर हवी असते. ते काम जुन्या विंडोजवर होईना, आणि मुनव्वरचे मराठी फॉन्ट नव्यावर चालेनात. विश्रांतवाडीहून दुरुस्तीला येणारी पूर्णिमा म्हणाली, “चाचा, हे धूड संग्रहालयाला देऊन टाका.”

“मग मलाही तिथेच बसव, त्याच्या शेजारी,” मुनव्वर म्हणाले. “बेटा, काय वाट्टेल ते कर. जैनबला हलवायचं नाही.”

“नाही हलवत. जुन्या विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकते. एका घरात दोन बिऱ्हाडं. फक्त नको असलेलं काढून जागा करून ठेवा. स्क्रीनवरचा कचऱ्याचा डबासुद्धा रिकामा करा.”

मुनव्वर दुपारभर खपले. आवाजाला त्यांनी बोटही लावलं नाही. तो मशीनच्या पोटातच असतो, अशी त्यांची समजूत. पत्रिका काढवेनात. थोरलीची पत्रिका धाकटीच्या वेळी नावं बदलून मागतात लोक. मोडलेल्या लग्नाची मात्र कुणी परत मागत नाही. तेवढेच फोल्डर त्यांनी नवरदेवाचं नाव बघून, न उघडता काढून टाकले आणि डबाही रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमाचं काम झालं. स्क्रीनवर दोन नावं आली, वर नवं, खाली जुनं. मुनव्वरनी जुनं निवडलं आणि सवयीने उठून उभे राहिले.

स्क्रीन उजळली. कुणी बोललं नाही.

“वायर सैल असेल,” ते म्हणाले. त्यांनी स्पीकरचं बटण पुरतं पिळलं.

पूर्णिमाने शोधलं. “चाचा, आवाजाची फाइल ‘सूरज’ नावाच्या फोल्डरमध्ये होती. तो कुठंय?”

मुनव्वर हळूच खुर्चीत बसले. “त्याचं लग्न मोडलं होतं,” ते पुटपुटले.

तिने बराच वेळ खटाटोप केला. पण मोकळ्या झालेल्या जागेवर तिनेच टाकलेलं नवं बिऱ्हाड पाय पसरून बसलं होतं. “चाचा, मी आधी विचारायला हवं होतं हो,” ती म्हणाली.

“तू जागाच मागितलीस ना? ती मी दिली.”

चहावाला कप ठेवून गेला. चहा निवला, साय धरली. मग मुनव्वर उठले. त्यांनी वायर सोडवली, दोन्ही स्पीकरवरची धूळ बाहीने पुसली आणि ते पूर्णिमाच्या हातात दिले.

“घेऊन जा, बेटा. चांगले वाजतात. लागतील कुणाच्या तरी घरी.”