खडवलीहून ठाण्याला: एका लॅपटॉपला शाळेच्या भिंतीपर्यंत नेण्याचा प्रवास

खडवलीला लोक भातसा नदीसाठी जातात. मी गेले ते एका लॅपटॉपसाठी. आठवडाभर वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात लोकांची बंद पडलेली नेटवर्कं सुरू करून दिल्यावर रविवारी तेच करायला चाळीस किलोमीटर जायची मला अजिबात इच्छा नव्हती. पण शनिवारी संध्याकाळी सईचा फोन आला.

सई माझी मावसबहीण. राहते खडवलीला, ठाण्यात अकरावीला आहे. शाळेने दसऱ्याच्या सुट्टीआधी विज्ञानाच्या मुलांना लॅपटॉप दिले. त्यावरच एका विज्ञान शिबिराची निवड चाचणी द्यायची होती. रविवारी, घरून. चाचणी दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उघडत नाही आणि दुपारी तीननंतर सुरू करता येत नाही.

"ताई, पासवर्ड घेतच नाहीये."

"शाळेत एकदा लॉगिन केलं होतंस ना?"

"हो."

"नक्की?"

"हो गं. सगळ्यांनी केलं."

मग प्रश्न पासवर्डचा किंवा कीबोर्डचा असणार, दहा मिनिटांचं काम, असं मी ठरवलं. फोनवर अर्धा तास गेला, काही झालं नाही. "उद्या येते," म्हटलं.

सकाळी साडेआठला वर्तकनगरहून स्कूटर काढली. माजिवड्यावरून नाशिक हायवे. दुचाकीला टोल नाही, पण कंटेनरच्या मागे राहण्याची तयारी ठेवा. रांजनोलीपर्यंत खोदकाम, धूळ आणि अचानक संपणाऱ्या लेन. पुढे रस्ता बरा आहे. पडघ्याला चहा आणि वडापाव, चाळीस रुपये. वडा गरम होता, चटणी कालची. तिथून उजवीकडे आत वळलं की खडवलीचा अरुंद रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडत आलं होतं, काही ठिकाणी कापणी सुरू झाली होती. बघायला चांगलं होतं. मी थांबले नाही. ऑक्टोबरचं ऊन दहा वाजताच हेल्मेटच्या आत शिरलं होतं.

मावशीने दारातच पाण्याचा तांब्या हातात दिला. "आधी जेव, मग ते यंत्र बघ."

"आधी यंत्र बघते, मावशी."

लॅपटॉप देवघरासमोरच्या चौरंगावर होता. झाकणावर हळदकुंकवाची दोन बोटं आणि झेंडूची एक पाकळी चिकटलेली. मी तो उघडला. नाव, पासवर्ड टाकला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. पासवर्ड चुकीचा आहे, असं तिच्यात कुठेच नव्हतं. शाळेच्या सर्व्हरशी संपर्क होत नाही, म्हणून ओळख पटवता येत नाही, असं ती सांगत होती. आदल्या संध्याकाळी सईला फक्त ती ओळ वाचून दाखवायला सांगितलं असतं, तर मी वर्तकनगरमध्येच बसले असते. फोनवर आधी 'काय दिसतंय ते वाचा' म्हणायचं, हे मी ऑफिसात नव्या मुलांना शिकवते.

असे लॅपटॉप ज्यांच्या घरात येतात त्यांच्यासाठी थोडं सांगते. खातं लॅपटॉपमध्ये नसतं, शाळेच्या सर्व्हरवर असतं. शाळेच्या नेटवर्कवर असताना एकदा लॉगिन केलं की लॅपटॉप तुमची ओळख स्वतःकडे जपून ठेवतो. मग तो डोंगरावरही उघडतो. एकदाही केलं नसेल, तर घरचं वायफाय कितीही चांगलं असो, त्याच्या लेखी तुम्ही कोणीच नसता.

"सई," मी म्हटलं, "हा लॅपटॉप शाळेत उघडलाच नाहीयेस तू."

तिने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आई म्हणालेली, नवी वस्तू आहे, खंडेनवमीला पूजा झाल्याशिवाय उघडायची नाही. सर लॅबमध्ये सगळ्यांकडून लॉगिन करून घेत होते. मी झाकण उघडून बसले, बटणच दाबलं नाही. मग कागद फिरला, 'लॉगिन झालं' म्हणून सही करायची. मी केली."

मावशी पदराने हात पुसत उभी होती. "म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"पूजेमुळे नाही, मावशी. सहीमुळे."

"एवढं तोडून नको गं बोलूस," मावशी म्हणाली. ती स्वतःसाठी म्हणाली की सईच्या बाजूने, मला कळलं नाही. मी घड्याळ पाहिलं. पावणेअकरा.

उपाय एकच होता: लॅपटॉप शाळेपाशी न्यायचा. शाळा वर्तकनगरात, माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. हे मी मोठ्याने म्हटलं नाही. सईचे वडील, माझे काका, मात्र म्हणाले, "म्हणजे तू इथवर आलीस ते हे तिकडे न्यायला?" आणि हसले. कोणी साथ दिली नाही. मावशीने ताट वाढलंच होतं, ते टाळता आलं नाही. शाळेच्या ऑफिसात फोन लावून पाहिला, वाजत राहिला. निघेपर्यंत बारा वाजून गेले.

"पडघ्याने जाऊ नका," काका म्हणाले, "नदीवर येणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरला असेल. टिटवाळ्यावरून कल्याण गाठा." (नदीवर जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि पाण्यात उतरू नका. दगड शेवाळलेले आहेत आणि खोली वरून कळत नाही.)

टिटवाळ्यापर्यंत खड्डे मोजणं सोडून दिलं. कल्याणात रविवारचा बाजार रस्त्यावर आलेला. दुर्गाडीच्या पुलावर पंचवीस मिनिटं एकाच जागी उभे. खाली खाडीला ओहोटी होती, चिखलाचा वास येत होता. सईने लॅपटॉपची बॅग पोटाशी धरली होती, तिचा कोपरा माझ्या पाठीत रुतत होता.

"ताई, चिडलीयेस?"

"नाही."

"मग बोल ना काहीतरी."

"हेल्मेट घातलंय."

"लवकर पोचू ना?"

पुढची रिक्षा हलली, मी स्कूटर तिच्यामागे घातली.

शाळेच्या फाटकाशी दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलो. फाटक बंद. आतल्या वॉचमन काकांनी हात हलवला. "सुट्टी आहे. ऑफिस मंगळवारी."

"आत यायचं नाही," मी म्हटलं. "तुमच्या वायफायच्या जवळ उभं राहायचंय."

त्यांनी सईला ओळखलं, मग लॅपटॉपचं झाकण पाहिलं. "हे काय, मशीनची ओटी भरली का?"

सई पहिल्यांदा हसली. "आईने पूजा केली."

"आत सोडायची ऑर्डर नाही मला. बाहेर उभं राहा की. रस्ता काय शाळेचा आहे?" मग मागच्या गल्लीकडे बोट करून म्हणाले, "लॅब मागच्या अंगाला आहे. तिकडं पकडतं. माझा नातू तिकडंच बसतो मोबाईल घेऊन."

मागच्या गल्लीत आम्ही लॅपटॉप उघडा धरून भिंतीकडेने चाललो. शाळेने मशीन देताना आपलं वायफाय त्यात आधीच भरून ठेवलेलं असतं, ते आपोआप जोडलं जातं. जोडलं तर. पहिल्या खिडकीखाली काही नाही. दुसऱ्या खिडकीखाली सिग्नलची एक रेघ आली, गेली. कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी दोन रेघा आल्या आणि टिकल्या. स्कूटर तिथे लावली, लॅपटॉप सीटवर ठेवला.

सईने पासवर्ड टाकला. गोल फिरायला लागलं. मग लॅपटॉपने नवा पासवर्ड मागितला. तो दोन्ही रकान्यांत सारखा हवा, दोनदा जुळला नाही. तिसऱ्यांदा जुळला. मग 'तयारी सुरू आहे' अशा अर्थाच्या ओळी, एकामागून एक. बॅटरी सोळा टक्के. दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी रिकामा निळा पडदा आला, कोपऱ्यात तिचं नाव.

"झालं?" तिने विचारलं.

"घरी उघडला तर झालं."

पाच मिनिटांचं अंतर चार मिनिटांत कापलं. माझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, चार्जर लावला, घरचं वायफाय जोडलं. नवा पासवर्ड. उघडला. दोन वाजून सत्तावन्न मिनिटांनी चाचणी सुरू झाली आणि मी खोलीचं दार लावून घेतलं.

स्कूटरवर एकूण ब्याऐंशी किलोमीटर पडले. पाठ दोन दिवस दुखली. खडवलीची नदी मी अजून पाहिलेली नाही. सुट्टीत कोणी शाळेचा लॅपटॉप घरी आणणार असेल तर निघण्याआधी तिथेच एकदा लॉगिन करा, पूजा नंतर सावकाश करा, एवढं या प्रवासातून सांगण्यासारखं.

चार वाजता सई बाहेर आली. मी चहा गाळत होते.

"कशी गेली?"

"दोन प्रश्न सोडले."

"वेळ कमी पडला?"

ती 'हो' म्हणू शकली असती. मी मान्यही केलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "येत नव्हते."

मी तिचा कप भरला आणि साखर जास्त घातली.