बागेतला चुना

दशक्रियेच्या दिवशी दाजींनी वडिलांच्या बागेत चुना टाकला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची शेती अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. तिथला पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो, जमीन आंबट होते, म्हणून ते भातखाचरात चुना टाकतात. आमचे नेवाशाचे रान कोरडे. इथे चुना जागचा हलत नाही. नांगराला पांढरे खडे लागतात. वडील चिमूटभर मातीवर लिंबू पिळून दाखवत. माती फसफसे. दाजींनी ते कधी थांबून पाहिले नाही.

वडिलांच्या आजारपणात मोसंबीची पाने पिवळी पडली होती. मी क्रियेला बसलेला, म्हणून बाग दाजींकडे. नवव्या दिवशी ते ओट्यावर टेकले.

"जमीन आंबलीय. चुना मारतो."

"दाजी, चुना आधीच जास्त आहे. मातीचा रिपोर्ट कपाटात आहे. सामू, म्हणजे पीएच, आठच्या वर."

"मास्तर, तुमी सुतकात बसा. झाडं कागद वाचत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी प्रवरेच्या घाटावर आम्ही पिंड ठेवून बसलो होतो. कावळा शिवत नव्हता. दाजी उशिरा आले. चपला पांढऱ्या, नखे पांढरी. बहिणीला म्हणाले, "आळ्यांत टाकला. गडी आता पानी सोडतील."

मी एक फोन केला असता तर पाणी थांबले असते. चुना खोऱ्याने उचलता आला असता. पण चार लोकांत जावयाचा मान राखायचा असतो.

कुणीतरी म्हणाले, "बागेत जीव अडकलाय त्यांचा." दाजी पुढे झाले, हात जोडले. "मामा, बाग मी सांभाळतो. तुमी जावा."

कावळा शिवला. त्या कावळ्यालाही मी माफ केलेले नाही.

पुढच्या बहराला नवी पालवी पांढरट निघाली. मग फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. दाजी बांधावर उभे राहून म्हणाले, "तुमच्या जमिनीतच दम न्हाई, मास्तर." त्यानंतर मी त्यांच्याशी बोललेलो नाही. दिवाळीला बहीण एकटी येते. तिने आणलेला त्यांच्या खाचरातला तांदूळ मी शिजवू देत नाही. ती रडते. मी वाचत बसतो.

बांधाकडच्या ओळीला चुना पुरला नव्हता. तेवढी नऊ झाडे उरली आहेत.