कुंभारीच्या रस्त्यावर समुद्रफूल

दाक्षायणी हत्तुरे यांना सोलापुरात बऱ्याच बायका 'गाडीवाल्या मॅडम' म्हणून ओळखतात. विजापूर रोडच्या बाजूला त्यांचा गाडी शिकवण्याचा क्लास आहे आणि शिकायला येतात त्या बहुतेक बायकाच. पन्नाशी ओलांडली तरी बाईंना एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठून गॅलरीत जाऊन येतील. लग्नाला गेल्या तर वाढप्याच्या हातातली बुट्टी ओढून घेतील आणि स्वतःच वाढत सुटतील. त्यांचे यजमान सिद्धराम एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन आहेत, स्वभावाने नेमके उलटे. ते म्हणतात, "हिला झोपसुद्धा उभ्यानं लागती."

अशा बाईंना एक वेड लागलं, तेही समुद्राचं. शिकून तयार झालेल्या बायकांना घेऊन त्या एकदा वेंगुर्ल्याला गेल्या होत्या. ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यात त्यांना एक फूल दिसलं आणि त्यांनी त्यात बोट घातलं. फुलानं बोट धरलं. बाई किंचाळल्या. शेजारी कालवं काढणारी बाई हसून म्हणाली, "ता फूल नाय गो, जीव आसा तो." दाक्षायणीबाई पाणी चढेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. बसून राहिल्या, हेच सिद्धरामना फोनवर खरं वाटेना.

पुढे घरात काचेची टाकी आली. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या गावात बाई फिल्टरचं पाणी साठवायच्या, त्यात पुण्याहून मागवलेलं समुद्री मीठ कालवायच्या. टाकीत नारिंगी माशांची जोडी होती, आणि दगडावर समुद्रफूल. दुकानदार त्याला ॲनिमोन म्हणायचा. मऊ बोटांचा गुच्छ, टोकं जांभळट, खाली दगडाला धरून बसलेला एक मांसल पाय. मासे त्या बोटांत लोळायचे.

मागच्या मे महिन्यात हत्तुरे कुटुंबानं जुळे सोलापुरातलं भाड्याचं घर सोडून कुंभारीच्या बाजूला बांधलेल्या स्वतःच्या घरात जायचं ठरवलं. कपाटं, पलंग, फ्रिज सगळं सकाळीच टेम्पोत चढलं. मासे टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत गेले, सुटे दगड टबात. फूल मात्र बसलं होतं मधल्या मोठ्या दगडाच्या फटीत, आणि तो दगड टाकी लावतानाच तळाला कायमचा चिकटवलेला. टाकीत ठेवून नेलं तर वाटेत पाणी हिंदकळून फूल दगडावर आपटणार. म्हणजे त्याला दगडावरून सोडवण्यावाचून इलाज नव्हता.

खाली टेम्पोवाला कोंडीबा हॉर्न वाजवत होता. बाईंनी रबरी हातमोजा चढवला, जुन्या एटीएम कार्डाची कड फुलाच्या पायाखाली सरकवली आणि रेटा दिला. फूल गपकन मिटलं. बोटं आत गेली, पाय आणखी फटीत ओढला गेला.

"ओढू नको," सिद्धराम म्हणाले.

"ओढत नाही हो! जरा सरकवते."

"तेच ते."

बाईंनी पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, पाय फाटला तर ते सडतं, आणि ते सडलं की सगळं पाणी नासतं. मागच्या बाजूनं दगडाला बर्फ लावा. गार लागलं की आपणहून सोडतं."

"किती वेळ लागेल?"

"ते त्याला विचारा."

बर्फ आणायचा कुठून? फ्रिज टेम्पोत. तेवढ्यात दारात सोनम उभी. सोनम मंद्रूपची, लग्न होऊन सोलापुरात आलेली, तिशीतली. तिचा परवाना कधीच हातात पडला होता, पण मॅडम शेजारी नसल्या तर ती गाडी सुरूच करत नव्हती. त्या दिवशी क्लास नाही हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. बाई म्हणाल्या, "सोनम, कोपऱ्यावरच्या रसवंतीतनं बर्फ आण. पळ."

सिद्धरामनी कोंडीबाला सामान टाकून परत यायला सांगितलं. बर्फ आला. बाईंनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला आणि टाकीत हात घालून दगडाच्या मागच्या बाजूला टेकवून धरला. दगड आणि मागची काच यांच्यातली जागा अरुंद, सिद्धरामचा हात जात नव्हता. धरायला बाईच, आणि हात हलवायचा नाही.

आता खरी परीक्षा सुरू झाली. रिकाम्या घरात पंखासुद्धा काढलेला. मानेवरून घाम ओघळत होता आणि पाण्यातला हात बधिर होत होता. बाईंच्या डोक्यात मात्र गाडी पळत होती. सिलिंडर टेम्पोत नीट ठेवला का? नव्या घराच्या किल्ल्या कुणाकडे आहेत? फ्रिज आडवा तर नाही ना केला? हात स्थिर होता, पण पायाची बोटं फरशीवर ताल धरत होती.

"सुम्न कुंड्रु," सिद्धराम कानडीत म्हणाले. म्हणजे गप बस.

"बसलेच आहे की! आणखी कशी बसू?"

"मनानं बस."

"मनाला खुर्ची कुटं हाय हितं?" बाई चिडल्या की त्यांची गावाकडची भाषा बाहेर यायची. सोनमनं तोंडाला पदर लावला.

बर्फ वितळला. सोनमनं दुसरा आणला. तोही निम्मा झाला तेव्हा फुलाच्या पायाची एक कड सुटली. दगडावर पांढुरकी, चुरगळल्या कागदासारखी दिसत होती. बाईंचा दुसरा हात आपोआप पाण्यात गेला. दोन बोटांनी धरून हलकेच ओढलं असतं तर झालं असतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. बोटं फुलाजवळ जाऊन थांबली, मग परत आली. त्या डोळे मिटून बसल्या.

"मॅडम, सुटलं!" सोनम ओरडली.

फूल तरंगत खाली येत होतं. बाईंनी वाडगा त्याच्याखाली धरला आणि पाण्यासकट उचलून झाकणाच्या बादलीत सोडलं. सेलवर चालणाऱ्या पंपाची नळी आत बुडबुडे सोडू लागली. तोवर कोंडीबा परतला होता. सिद्धराम माशांची बादली आणि टाकी घेऊन टेम्पोत बसले, काचेला धरून. उरली क्लासची गाडी, बाई, सोनम आणि फूल.

बादली धरायला बाईच हव्यात. त्या नेहमीच्या डाव्या सीटवर बसल्या आणि बादली पायाशी ठेवली. सोनमनं गाडी सुरू केली, खाली बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. शिकवण्याच्या गाडीला डाव्या बाजूलाही ब्रेक असतो. त्या ब्रेकपुढे आता बादली होती.

"मॅडम, तुमचा ब्रेक?"

"बादलीमागं गेला."

"मग वो?"

"मग तूच. चल, ह्याला ऊन बाधंल."

एसी पूर्ण जोरात लावून त्या निघाल्या. अक्कलकोट रोडला ट्रक अंगावर आल्यासारखे येत होते. प्रत्येक गतिरोधकाला बाईंचा पाय उचलायचा आणि बादलीला लागायचा. पाणी डुचमळलं की त्या झाकण उचलून बघायच्या. फूल उलटं पडलं होतं, गोळा झालेलं.

"हळू. हळू की गं! आता घे थोडं. गिअर! बघ, तो रिक्षावाला—"

"मॅडम," सोनम समोर बघत म्हणाली, "तुमी बादलीकडं बघा. रस्त्याकडं मी बघते."

बाईंनी नजर बादलीकडे वळवली. त्यांना असं कुणा शिकाऊ बाईनं कधी म्हटलं नव्हतं.

कुंभारीच्या अलीकडे मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. सोनमनं लांबूनच गाडी हळू केली आणि थांबवली. बादलीतलं पाणी हललंसुद्धा नाही. बाईंनी मागे बघितलं, डंपर येऊन थांबला होता.

"हॉर्न दे, सोनम."

"नगं मॅडम. बुजली की कुटंबी पळत्यात. आमच्या घरात मेंढरंच हायत, मला ठावं हाय. म्होरली गेली की मागली जात्यात." मागचा डंपर कर्कश वाजला. सोनमनं खिडकीतून हात काढून त्याला थांबायची खूण केली आणि स्टेअरिंगवर हात ठेवून निवांत बसून राहिली. बाई तिच्याकडे बघत होत्या. शेवटचं लंगडतं कोकरू पलीकडे गेलं तशी गाडी निघाली.

नव्या घरात टाकी जागेवर बसली, कॅनमधून आणलेलं जुनंच पाणी परत भरलं. सिद्धरामनी दोन्ही पंपांच्या तोंडाला स्पंज बांधला, फूल भटकत जाऊन त्यात ओढलं जाऊ नये म्हणून. बाईंनी ते दगडाच्या सपाट भागावर ठेवलं. ते तिथे आडवं पडलं, तोंड उघडं, कडेनं तपकिरी चिकटा सुटलेला. ना बोटं दिसत होती ना रंग.

"गेलं," बाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा पुण्याला फोन लावला.

"पाण्याला वास मारतोय का?" दुकानदारानं विचारलं.

बाईंनी नाक टाकीपाशी नेलं. "वेंगुर्ल्यासारखा येतोय."

"मग जिवंत आहे. हात लावू नका."

हात लावायचा नाही, हे बाईंना सगळ्यात अवघड. खोकी उघडायची सोडून त्या टाकीभोवती घिरट्या घालत राहिल्या. कधी दिवा बंद, कधी चालू. शेवटी सिद्धरामनी त्यांच्या हाती हातोडी दिली आणि पडद्याचे खिळे मारायला लावले.

दोन दिवसांनी फूल त्या जागेवर नव्हतंच. बाईंनी पंप उघडून बघितले, वाळू चाळली. नारिंगी मासेही दिसेनात. सिद्धराम भिंतीशी वाकले आणि म्हणाले, "इकडं ये."

फूल दगडाच्या पाठीमागे सरकून गेलं होतं, भिंतीकडच्या बाजूला. तिथे पाय घट्ट रोवून पूर्ण उमललं होतं, जांभळी टोकं पाण्याबरोबर हलत होती आणि दोन्ही मासे त्यात शिरले होते.

"हितं कुणाला दिसणार?" बाई म्हणाल्या. "बर्फ आणू का?"

सिद्धरामनी हातोडी पुढे केली. बाईंनी ती घेतली आणि फूल तिथेच राहू दिलं.

आता सोनम दर आठवड्याला बाजाराला मंद्रूपला जाते, एकटी, गाडी घेऊन. बाईंकडे येणारे पाहुणे टाकीत रिकामा दगड बघून विचारतात, ते फूल कुठंय? बाई त्यांना भिंतीपाशी नेतात. गाल भिंतीला टेकवून एका डोळ्यानं बघितलं तरच ते दिसतं. नव्या घराचा चुना अजून नीट धरलेला नाही. क्लासला येताना बाईंच्या एका गालावर बऱ्याचदा पांढरं असतं.